बावीस टक्क्यांचे दुखणे

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला

संत तुकाराम नगरात राहणाऱ्या माणसाला आजारपणाचे फारसे नवल वाटत नाही. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आमच्याच नगरात आहे. चाकण, खेड, मावळ, भोसरी अशा चहूबाजूंनी माणसे तेथे येतात; कुणी वल्लभनगरच्या एस. टी. स्थानकावर उतरून, तर कुणी २०२२ पासून मेट्रोने. औषधांच्या दुकानांपुढे रात्रीही गर्दी असते. शेजारीच पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे. १९५४ साली स्थापन झालेली, औषधे बनवणारी ही देशातली पहिली सरकारी कंपनी. तेव्हा औषध आणि आजार या दोहोंच्या शेजारात आम्ही लहानाचे मोठे झालो. तरीही आजार माझ्याच हातात येऊन बसला, तेव्हा मला त्याचे नावदेखील ठाऊक नव्हते.

बारावीच्या वर्षी सकाळी उठल्यावर माझी मूठ मिटेनाशी झाली. आई म्हणाली, गारठ्याने झाले असेल. पण गारठा गेला, उन्हाळा आला, तरी मूठ मिटेना. डब्याचे झाकण उघडेना, नळाची तोटी फिरेना, ओला टॉवेल पिळता येईना. वेणी आई घालू लागली. दहा वाजेपर्यंत बोटे हळूहळू सैल होत आणि मग मी वर्गात इतर मुलींसारखीच दिसे. तीन डॉक्टर झाले, दोन प्रकारची तेले झाली, आजीने गावाहून आणलेला एक दोराही झाला. शेवटी रक्ताच्या तपासणीत निदान झाले : रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आपण त्याला संधिवात म्हणतो आणि संधिवात हे म्हाताऱ्यांचे दुखणे आहे असे समजतो. डॉक्टरांनी समजावून सांगितले की शरीराचे रक्षण करणारी यंत्रणाच येथे चुकून स्वतःच्या सांध्यांवर चालून जाते. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो, तरुणपणीही होतो. तो मुळासकट जात नाही, आटोक्यात मात्र राहतो.

आटोक्यात ठेवण्याचा खर्च आठवड्यांत आणि महिन्यांत मोजावा लागतो. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेतते, म्हणून आईने पाकिटावर मोठ्या अक्षरांत 'रविवार' लिहून ठेवले आहे. बरोबर इतर गोळ्या आहेतच. शिवाय ठरावीक काळाने रक्त तपासायचे, कारण हेच औषध यकृताला बाधू शकते. अण्णा भोसरीच्या एका लहान कारखान्यात लेथवर आहेत. काम असेल तर ओव्हरटाइम, नसेल तर घरी. आमच्या घरचा हिशेब एवढ्यावरून ध्यानात यावा.

हे सर्व सांगण्याचा हेतू सहानुभूती मिळवण्याचा नाही. ती मला घरात पुरेशी मिळते, कधीकधी जरा जास्तच. मला बोलायचे आहे ते दाखल्याबद्दल. आपल्याकडे आजारी माणसाचे दुखणे मोजण्याची जी पद्धत आहे, तिच्यात मला एक मोठी विसंगती दिसते. ती वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

द्वितीय वर्षात असताना एका प्राध्यापकांनी सुचवले की मी अपंगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज करावा. पुढील शिक्षणाच्या प्रवेशात सवलत आहे, एस. टी.च्या भाड्यात सवलत आहे, शासनाच्या काही योजना आहेत. घरी विषय काढला, तेव्हा अण्णा जेवत होते. त्यांनी हातातला घास खाली ठेवला.

"धडधाकट पोरीला अपंग म्हणवून घ्यायचं? लोक काय म्हणतील?"

आईने लोकांचे नाव घेतले नाही. ती एवढेच म्हणाली, "एकदा कागदावर आलं की स्थळं कशी यायची?"

दोघांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. मलाही तो शब्द जड गेला होता. आता शासकीय कागदांत 'दिव्यांग' असे लिहितात. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन झाला. पण नाव गोड केल्याने आईची काळजी कमी होत नाही, हे मी त्या रात्री पाहिले. महिनाभर विषय तसाच राहिला. मग औषधाचे एक पाकीट महागले आणि अण्णा स्वतःच म्हणाले, "भर तो फॉर्म."

अर्ज संगणकावर भरला. आधार, फोटो, सही, तपासण्यांचे कागद सारे जोडले. काही आठवड्यांनी एका शासकीय रुग्णालयात मंडळापुढे हजर राहण्याची तारीख मिळाली. त्या दिवशी पहाटे आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज दुखण्याची गोळी घेऊ नकोस. काय होतंय ते त्यांना दिसू दे."

मी गोळी घेतली नाही. हे खोटे होते काय? मी पुष्कळ विचार केला आहे. दुखणे माझेच होते, सूज माझीच होती, गोळीने झाकली जाते तेवढीच उघडी राहिली असती. तरीही रिक्षात बसल्यावर मला चोरी केल्यासारखे वाटले. वर्षभर मी मैत्रिणींपासून, पाहुण्यांपासून, परीक्षकांपासून दुखणे लपवते. कुणी विचारले तर "काही नाही ग" म्हणते. आणि या एका सकाळी तेच दुखणे नीट दिसावे म्हणून मी देवाची प्रार्थना करत होते.

रांगेत माझ्यापुढे चाकणकडचे एक गृहस्थ होते. प्रेसमध्ये त्यांची उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. ते दुसऱ्यांदा आले होते. माझी कथा ऐकून ते हळूच म्हणाले, "ताई, रागावू नका, पण तुमचं दिसत नाही. माझं दिसतं, तरी पुरत नाही." जाता जाता त्यांनी एक सल्लाही दिला : "मोठ्या गोळ्या दोन-तीन महिने बंद करा आणि मग या. बोटं वाकली की टक्के वाढतात."

मंडळातले डॉक्टर सौजन्याने वागले, हे मुद्दाम नमूद करते. त्यांनी बोटे, मनगटे, कोपर एकेक वाकवून पाहिले, कोनमापकाने अंश मोजले, पकड तपासली, बटण लावायला सांगितले. तोवर अकरा वाजून गेले होते. माझी बोटे रोजच्याप्रमाणे सैल झाली होती. बटण लागले. एका डॉक्टरांनी माझे कागद चाळले आणि म्हणाले, "औषधं अगदी वेळेवर घेतेस. छान. त्यामुळंच सांधे शाबूत आहेत." ही शाबासकी होती आणि तोच निकालही होता. दाखला आला तो बावीस टक्क्यांचा.

आता या टक्क्यांमागचा कायदा थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि किमान चाळीस टक्के ही अट होती. पुढे भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ साली मान्य केला आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. प्रकार सातांचे एकवीस झाले. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे विकार आले; मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन आले. दीर्घकाळचा आजार हाही माणसाला अपंग करू शकतो, ही गोष्ट कायद्याने प्रथमच इतक्या स्पष्टपणे मानली. हे मोठेच पाऊल होते. संधिवात मात्र यादीत नावाने नाही. त्याला जागा मिळते ती हातापायांच्या, म्हणजे चलनवलनाच्या अपंगत्वात. तीही कायमचे व्यंग मागे राहिले असेल तेव्हा आणि असेल तेवढीच.

याच कायद्यात दोन व्याख्या आहेत. दीर्घकालीन दोषामुळे आणि भोवतालच्या अडथळ्यांमुळे ज्याला समाजात बरोबरीने वावरता येत नाही, ती दिव्यांग व्यक्ती. ही व्याख्या वाचताना मला वाटले, ही माझ्यावरच लिहिली आहे. दुसरी व्याख्या चाळीस टक्क्यांची आहे आणि सवलती बहुतेक या दुसरीला जोडलेल्या आहेत : उच्च शिक्षणातल्या पाच टक्के जागा, शासकीय नोकऱ्यांतल्या चार टक्के जागा, एस. टी.ची सवलत. नोकरीच्या आरक्षणात तर आणखी गाळणी आहे. रक्ताच्या विकारांना यादीत घेतले, पण नोकरीच्या कलमात त्यांचे नाव नाही. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनी ओळखपत्रांना रंग दिले : चाळीसच्या खाली पांढरा, चाळीस ते एकोणऐंशी पिवळा, ऐंशी आणि पुढे निळा. माझ्या वाट्याला आला तो पांढरा.

आता विसंगती पाहा. माझ्या आजारात बोटे वाकडी होतात ती एका दिवसात होत नाहीत. उपचार झाले नाहीत तर सांध्यांची झीज होत जाते आणि बोटे कायमची फिरतात. आजच्या औषधांचे यश हेच की ती झीज लवकर थांबवता येते. मग ज्या मुलीच्या वडिलांनी ओव्हरटाइम करून औषध चालू ठेवले तिची बोटे सरळ राहतात आणि तिला बावीस टक्के मिळतात. जिच्या घरी औषध परवडले नाही तिची बोटे वाकतात आणि ती कदाचित चाळीसला पोहोचते. म्हणजे मदत मिळते ती नुकसान पुरे झाल्यावर. नुकसान टाळण्यासाठी जो पैसा, जो वेळ, जी ताकद रोज खर्च होते, तिची मोजणी कुठल्याच रकान्यात होत नाही. रांगेतल्या त्या गृहस्थांचा सल्ला ऐकून मी हादरले होते. पण तो त्यांनी दुष्टपणाने दिला नव्हता. नियमांचा जो अर्थ निघतो तो त्यांनी सरळ शब्दांत सांगितला, इतकेच. औषध थांबवणाऱ्याला बक्षीस आणि घेणाऱ्याला पांढरे कार्ड, असा ज्याचा अर्थ निघतो तो नियम आजारी माणसासाठी केलेला नव्हे.

आमच्या या औद्योगिक पट्ट्याला टक्केवारी नवी नाही. अण्णांच्या पिढीतल्या कामगारांना बोटांचे टक्के तोंडपाठ. कामगार राज्य विम्याच्या १९४८ च्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. अंगठा गेला तर तीस टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर चौदा टक्के, असा त्यात कमाईच्या क्षमतेचा तोटा मांडलेला होता. ऐकायला हे क्रूर वाटते. पण त्यात एक न्याय होता : चौदा टक्के तोटा तर त्या प्रमाणात भरपाई, तीस टक्के तर त्या प्रमाणात. तो जिना होता. अपंगत्वाच्या कायद्यात मात्र चाळीसवर एक भिंत उभी आहे. एकोणचाळीस टक्क्यांचा माणूस भिंतीच्या अलीकडे आणि बावीसची मीही अलीकडे. दोघांनाही सारखेच, म्हणजे बहुतेक काहीच नाही.

यावर कुणी म्हणेल, रेषा कुठेतरी आखावीच लागते. शासनाची तिजोरी अमर्याद नाही. शिवाय खोटे दाखले काढणारे काय थोडे आहेत? हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०२४ साली एका परिविक्षाधीन सनदी अधिकाऱ्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यांबद्दल प्रश्न उपस्थित झाले आणि कित्येक दिवस वर्तमानपत्रे त्याच बातम्यांनी भरली होती. तेव्हापासून दाखला म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांत शंका येते, हा माझा अनुभव आहे. परंतु एका दिवसाच्या तपासणीने खोटेपणा पकडला जातो असे थोडेच आहे? उलट एका सकाळीपुरते सोंग करणे सोपे. वर्षभराच्या औषधांच्या नोंदी, रक्ताचे अहवाल, बुडालेल्या तासांची हजेरी यांचे सोंग करणे फार अवघड. तपासणी कडक करावयाची असेल तर जरूर करावी, पण ती दिवसाची नको, वर्षाची असावी.

हे अशक्य आहे असे नव्हे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून अपंगांना जो भत्ता दिला जातो, त्यात आजाराच्या नावापेक्षा अमुक काम करता येते का, हे विचारतात. आजार कमीजास्त होणारा असेल तर वर्षातल्या निम्म्याहून अधिक दिवशी ती अडचण येते का, हे पाहतात. बटण लागले एवढ्याने भागत नाही. ते सुरक्षितपणे, वाजवी वेळात आणि पुन:पुन्हा लावता येते का, हेही विचारात घेतात. त्या पद्धतीविरुद्धही तेथील रुग्णांच्या भरपूर तक्रारी आहेत, तिला आदर्श मानण्याचे कारण नाही. पण 'किती अंश वाकतो' याबरोबर 'किती दिवस वाकत नाही' हेही विचारता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्याच राज्यात पाहा. १९८० साली सुरू झालेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांबरोबर क्षय, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग अशा आजारांमुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्यांनाही स्थान आहे. म्हणजे टक्क्यांखेरीज चरितार्थ हाही निकष असू शकतो, हे आपल्या शासनाला चार दशकांपूर्वीच उमगले होते. दिव्यांगांना मिळणारी मासिक रक्कम १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला, हेही चांगले झाले. मात्र त्यासाठी कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ५०,००० रुपयांच्या आत हवे, म्हणजे महिन्याला सुमारे ४,१६६ रुपये. पिंपरी-चिंचवडमध्ये एवढ्यात घर चालवणारे कुटुंब औषधे कशी चालवत असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

न्यायालयांनी मात्र या भिंतीला एकदोन खिडक्या पाडल्या आहेत आणि माझ्यासारख्यांच्या दृष्टीने ही आशेची गोष्ट आहे. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. टक्के कमी पडतात म्हणून लोकसेवा आयोगाने त्याला लेखनिक नाकारला. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की लेखनिक मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या. चाळीसपेक्षा कमी टक्के असलेल्या, पण लिहिण्यात खरी अडचण असलेल्या दिव्यांग परीक्षार्थींना वैद्यकीय दाखल्यावर लेखनिक किंवा तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ मिळण्याची सोय त्यांत होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ओंकार गोंड या वैद्यकीय प्रवेशार्थीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. केवळ टक्क्यांच्या आकड्यावरून विद्यार्थ्याला अपात्र ठरवता येत नाही. तो अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे मंडळाने तपासले पाहिजे. ओंकारला टक्के जास्त म्हणून दार बंद होते, मला कमी म्हणून. आकडा माणसाबद्दल किती थोडे सांगतो, हे या दोन टोकांवरून दिसते.

या सूचनांची माहिती मला त्याच प्राध्यापकांनी दिली. गेल्या परीक्षेत तीन तासांच्या उत्तरपत्रिकेला मला एक तास अधिक मिळाला. तिसऱ्या तासानंतर पेन खाली ठेवून मी बोटे चोळत बसले, पुन्हा लिहू लागले, आणि बारावीनंतर प्रथमच शेवटचा प्रश्न पुरा केला. बाहेर आल्यावर एक वर्गभगिनी म्हणाली, "मजा आहे बाई तुझी, एक तास जास्त!" मला राग आला नाही. तिला माझी सकाळ दिसत नाही आणि मीच ती लपवून ठेवलेली आहे. हा लेख लिहिण्याचे तेही एक कारण.

माझे मागणे फार मोठे नाही. कायद्याच्या परिशिष्टात नव्या प्रकारांची भर अधिसूचनेने घालण्याची सोय केंद्र शासनाने ठेवलेली आहे. दीर्घकाळ चालणाऱ्या संधिवातासारख्या आजारांचा विचार तिच्याद्वारे व्हावा. टक्के ठरवताना उपचारांचा खर्च आणि वर्षातले वाईट दिवस धरले जावेत. भिंतीच्या जागी जिना यावा : बावीस टक्क्यांना निदान औषधांपुरता आधार, चाळीसला त्याहून अधिक. आणि महाविद्यालयांनी अशा सूचना फलकावर लावाव्यात, म्हणजे एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्या योगायोगाने कळण्याची वाट पाहावी लागणार नाही. यांतील शेवटची गोष्ट तर आपल्याच हातची आहे.

आषाढवारीत तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि दुसऱ्या दिवशी आकुर्डीहून आमच्या पिंपरीवरून पुण्याकडे जाते. दरवर्षी आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहतो. यंदा माझे पाऊल सुजले होते, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर बसून दर्शन घेतले. गर्दीतल्या एका वारकरी आजींनी माझ्याकडे पाहिले, काही न विचारता पायरीवर माझ्या शेजारी टेकल्या आणि दम खाऊन पुढे गेल्या. किती टक्के दुखते, असे त्यांनी विचारले नाही.

हा लेख मी नऊ दिवस लिहीत होते. रोज अकरानंतर, बोटे सैल झाल्यावर. पांढरे कार्ड दप्तरात आहे. त्याचे पुढे काय होईल ते होवो. रविवारच्या गोळ्या मात्र मी चुकवणार नाही. टक्के वाढवण्यासाठी बोटे वाकडी करून घेण्यापेक्षा सरळ बोटांनी अर्ज लिहीत राहणे मला अधिक बरे वाटते.